अखंड बिस्किटांचा फिरता चषक

नात्यातला गोडवा टिकवायचा तर दोन घरांमध्ये पुरेसं अंतर आणि एक भरवशाचं टपालखातं असावं लागतं, याविषयी जाणकारांत आता मतभेद उरलेला नाही. आमच्या कुटुंबाने हे फार लवकर ओळखलं. वर्षअखेरीच्या सुट्ट्यांत एकत्र जमण्याचा प्रयोग आम्ही दोनदा करून पाहिला. दुसऱ्या खेपेला ताई आणि थोरल्या वहिनी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून वेगवेगळ्या खोल्यांत जेवल्या. त्यानंतर आत्यांनी (निवृत्त मुख्याध्यापिका, निवृत्ती फक्त कागदोपत्री) कौटुंबिक बिस्कीट विनिमय सुरू केला. प्रत्येक घराने स्वतःच्या हाताने बिस्किटं भाजायची आणि डब्यात भरून टपालाने उरलेल्या घरांना पाठवायची. माणसांच्या ऐवजी बिस्किटांनी जायचं. बिस्किटं मुक्काम करत नाहीत आणि आंघोळीला गरम पाणी मागत नाहीत, हा त्यांचा फार मोठा गुण.

कोणताही उपक्रम नुसत्या प्रेमावर सोडला की ढिला पडतो, म्हणून आत्यांनी त्याची स्पर्धा केली. चव हा निकष पहिल्याच बैठकीत बाद झाला. चव आली की मतं येतात आणि मतं आली की पुन्हा ती खिडकी येते. त्यापेक्षा मोजता येईल असं काहीतरी हवं. टपालातून किती बिस्किटं अखंड पोचली, एवढंच पाहायचं. फुटलेल्याला शून्य. सर्वांत जास्त अखंड बिस्किटं ज्या घराची, त्या घराला फिरता चषक. (चषक म्हणजे आतोबांनी तरुणपणी कॅरममध्ये जिंकलेला पेला. त्यांना विचारलं नव्हतं.)

निकष स्वच्छ असला की प्रगती होतेच. सर्वप्रथम लोणी गेलं, कारण लोण्याने बिस्कीट नाजूक होतं. मग साखर घटली, आणि ताईकडे भाजण्याचा कालावधी इतका वाढला की शेजारी येऊन विचारपूस करून गेले. थोरले दादा पूल बांधणारे इंजिनियर. ते प्रत्येक खेपेतलं एक बिस्कीट गच्चीवरून खाली टाकून पाहतात. एका वर्षी बिस्कीट शाबूत राहिलं आणि खालच्या फरशीला तडा गेला. त्या वर्षी चषकाबद्दल कोणाला शंकाच उरली नाही. आमच्या पाहणीनुसार आज पाठवलेल्या बिस्किटांपैकी शहाण्णव टक्के अखंड पोचतात, आणि पोचलेली शंभर टक्के अखंडच राहतात.

पोच देण्याची पद्धतही ठरलेली. झाकण उघडायचं, मोजायचं, झाकण लावायचं आणि फोन करून म्हणायचं, "तोंडात टाकलं आणि विरघळलं." वाक्य आत्यांनीच घालून दिलेलं असल्यामुळे ऐनवेळी शब्द शोधावे लागत नाहीत. डबा मग माळ्यावर जातो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धाकट्या भावाने लग्न केलं. त्याची बायको दातांची डॉक्टर. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. स्वभावाने मोकळी, हाताला चव. थोडक्यात, स्पर्धेच्या दृष्टीने कच्ची. तिला नियम समजावले नव्हते असं नाही. समजावले, पण तिला वाटलं मंडळी गंमत करताहेत. तिने भरपूर लोणी आणि दालचिनी घालून बिस्किटं केली. डबे घरोघरी पोचले तेव्हा आत निव्वळ चुरा होता.

निकालाची बैठक व्हिडिओ कॉलवर होते.

"धाकटी, शून्य," आत्यांनी जाहीर केलं.

"शून्य चालेल मला, आत्या," ती म्हणाली. "चषक नकोच. फक्त एवढं सांगा, कोणाला आवडली का?"

"अगं, आवडण्याचा रकाना नाही."

"रकाना नको हो. नुसतं तोंडाने म्हणा कोणीतरी. दवाखाना बंद ठेवून केली होती मी."

पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांत एकदम कामं निघाली. ताईला आतून कोणीतरी बोलावल्यासारखं झालं. दादांनी चष्मा पुसायला घेतला. आत्यांच्या मागे बसलेल्या आतोबांचे ओठ हलले, पण आत्यांनी तेवढ्यात माइक बंद केला होता (बैठकीची शिस्त).

इथे नंतर हाती आलेली माहिती नोंदवणं भाग आहे. तो चुरा सगळ्या घरांत संपला होता. दादांकडे चमच्याने, ताईकडे वर दूध ओतून, आमच्याकडे ओल्या बोटाने थेट डब्यातून. आत्यांच्या डब्यातला तळाचा कागदसुद्धा चाटूनपुसून स्वच्छ होता. आणि बैठक संपताच प्रत्येक घरातून धाकटीला एकेक फोन गेला. मजकूर एकच: निकाल बरोबरच आहे हं, पण अजून थोडी असतील तर गुपचूप पाठव, आणि कोणाला बोलू नकोस.

"आत्ता सांगताय, मग मघाशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?" तिने दादांना विचारलं.

"सगळ्यांसमोर बोललो तर आमच्या इतक्या वर्षांच्या बिस्किटांना काय अर्थ राहिला?" दादा म्हणाले. इंजिनियर माणूस. कुठला खांब काढला की काय कोसळतं, ते त्यांना बरोबर कळतं.

तिने कोणालाच काही पाठवलं नाही.

पुढच्या वर्षी मात्र तिचे डबे आले आणि आम्ही थक्क झालो. गोल, गुळगुळीत, कडेला नक्षी, रंग फिकट बदामी. एकालाही टवका नाही. दादांनी गच्चीवर जायचे कष्टही घेतले नाहीत. नखाने टकटक वाजवून पाहिलं आणि आदराने झाकण लावलं.

बैठकीत सगळे सगळ्यांसमोर बोलले.

"तोंडात टाकलं आणि विरघळलं," ताई म्हणाली.

"ह्यांनी तर बसल्या बैठकीला चार संपवली," थोरल्या वहिनी म्हणाल्या. दादांनी पोटावरून हात फिरवला.

"शिकलीस हो," आत्या म्हणाल्या. "चव अजून जिभेवर आहे."

"ते प्लास्टर होतं, आत्या," धाकटी म्हणाली. "दवाखान्यात आम्ही दातांचे साचे करतो ना, ते."

एखाद्या सामान्य कुटुंबात इथे गोंधळ झाला असता. आत्यांनी क्षणभर डोळे मिटले.

"स्वतः केलंस?"

"हो."

"घरी?"

"घरीच. ओव्हनमध्ये सुकवलं."

"आणि अखंड पोचलं. मग नियमात बसतं. चषक तुझा."

टाळ्या झाल्या. हे प्लास्टर कुठे मिळतं, असं दादांनी विचारलं. धाकटीने हात जोडले आणि तिचा चौकोन बंद झाला.

"पोरी, मागच्या वर्षीची फार आवडली होती गं," आतोबा म्हणाले. या वेळी माइक चालू होता. त्यांचं बोलणं सगळ्यांना नीट ऐकू गेलं, म्हणजे ती सोडून सगळ्यांना.

धाकटीने विनिमय सोडला, त्यामुळे आमच्यात आता एक जागा रिकामी आहे. त्या जागेवर, वाचकहो, आम्ही आपली निवड केली आहे. अर्ज लागत नाही. पात्रता एवढीच की कोणीतरी हाताने केलेलं काहीतरी आपल्याला मनापासून आवडलेलं असावं, आणि ते त्या माणसाला सांगायचं आपलं राहून गेलेलं असावं. आत्ता डोळ्यांसमोर जो चेहरा आला, तेवढा पुरावा आम्हाला पुरतो. आपला डबा टपालात पडला आहे. अखंड पोचेल. पोचल्यावर काय म्हणायचं, ते आपल्याला शिकवण्याची गरज आम्हाला वाटत नाही.