उंदराच्या मेंदूतला निळा धागा

माझ्या शोधाने जग हादरणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती!

देशात तेव्हा नुकत्याच फॉरेनच्या वस्तू येऊ लागल्या होत्या आणि मी हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत टेंपररी होतो. काम काय? उंदराच्या मेंदूच्या पुढच्या भागात, तळाशी रंग टोचायचा. तो मज्जातंतूंमधून लांबवर पसरतो. मग मेंदूचे पातळ काप करून जांभळ्या दिव्याखाली बघायचे. रंग निळा चमकतो, आणि कुठला तंतू कुठे पोचतो त्याचा नकाशा तयार! त्यात मला दिसला एक लखलखीत निळा धागा. कुठल्याच पुस्तकात नसलेला!

आमचे मल्लेशम सर म्हणाले, "सच्ची निकला तो नौकरी पक्की समझो. पन पैले मैं देखतौं."

मी कसला थांबतोय! आम्ही राहायचो त्या सगळ्या काचीगुड्यात पेढे वाटले. सासरे हणमंतराव, त्यांचं अफझलगंजला धान्याचं दुकान. ते चारचौघांत म्हणायचे, "आम्ही उंदीर मारायला माणूस ठेवतो, अन् आमचे जावई उंदीर पाळायला नोकरीला! तेबी टेंपररी!" म्हटलं, सर तपासतील तेव्हा यांनाच समोर बसवू.

त्या सकाळी बायको, प्रणिता, खुशीत होती. "अहो, बघा तरी! फॉरेनची धुण्याची पावडर आणल्यापासून तुमचा एप्रन कसा पांढराशुभ्र निघतो! काल बाबांचं धोतरही त्यातच धुऊन दिलंय."

"शोध लागलाय इथे, आणि तुला धुण्याचं पडलंय!" मी खेकसलो.

प्रयोगशाळेत सासऱ्यांना कोपऱ्यात बसवलं. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिले. "ये तो ऊपरच पडा है जी. अंदर किधर गया?"

"सर, नवा मार्ग आहे. जरा वेगळाच जाणार!"

सरांनी खोलीतले दिवे घालवले आणि हातातला जांभळा दिवा माझ्यावर धरला. अरे देवा! माझा एप्रन कॉलरपासून गुडघ्यापर्यंत निळा पेटला! सरांनी बाहीवरचा एक तंतू चिमटीत धरून काचेवर ठेवला. हुबेहूब माझा शोध!

"पावडर कौनसी?" सरांनी शांतपणे विचारलं. म्हणजे पावडरीने चमकणारा माझ्याच एप्रनचा धागा मेंदूच्या कापावर पडला होता! धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात कोपऱ्यात आणखी काहीतरी चमकलं. सासऱ्यांचं धोतर! त्यांनी एकदा धोतराकडे बघितलं, एकदा माझ्या एप्रनकडे, आणि सरांपुढे हात जोडले.

"साब, मेरेमें बी निकला देखो! अब तो हमारे दामाद की नौकरी पक्की कर देव!"

अंधारात कुठेतरी तोंड लपवावं म्हटलं, तर मेला तो एप्रन लपू देईल तर ना!