आजीची रिंग

सकाळी साडेसहाला फोरमननी फ्रिज उघडला, खालच्या कप्प्यातला चपटा पत्र्याचा डबा काढला, झाकण उचललं आणि जागच्या जागी थिजले.

"अगं, यात दोन रिंगा होत्या. एकच कशी राहिली?"

बायको ओट्यापाशी वळली. तिचा चेहरा एकदम उजळला.

"आत्ता लक्षात आलं का! एक कुकरला लावली. दहा दिवस झाले. म्हटलं, बघू या, यांना कधी कळतंय ते. काय चपखल बसलीय हो! पाच महिने सगळी वाफ बाजूनं जात होती, मी तर नादच सोडला होता. आणि तुम्ही गुपचूप आणून, कापसात गुंडाळून ठेवलीत. तीही एक नाही, दोन!"

फोरमन मटकन खुर्चीत बसले. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला इंजिन सुरू झालं तरी नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगणारा हा माणूस. घरात दहा दिवस खणखणीत शिट्टी वाजत होती, ती काही त्याच्या कानावर पडली नव्हती.

रिंग कुकरची नव्हतीच. ती होती आजीची. आजी म्हणजे एक्केचाळीस वर्षांचं लढाऊ विमान. इंजिनातली गरम हवा नेणाऱ्या नळीच्या सांध्यावर ही रबरी रिंग बसायची. ती बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला होता आणि अख्ख्या हवाई तळावर शेवटच्या दोनच उरल्या होत्या. असलं रबर थंडाव्यात ठेवावं लागतं. भांडाराची शीतपेटी बिघडली, तेव्हा फोरमननी रीतसर अर्ज केला, वरिष्ठांची सही घेतली, भांडारपालाची घेतली आणि डबा घरी आणला. सगळ्यांची परवानगी झाली. फ्रिज जिचा, तिला तेवढं सांगायचं राहून गेलं.

आणि आज अकरा वाजता समिती येणार होती. शेजारच्या हँगरमध्ये नवी कोरी विमानं उभी होती. आजी आणि तिच्या वयाच्या आणखी तीन जुन्या विमानांचं काय करायचं, ते आजच ठरणार होतं. आजी उडाली तर चौघींना आणखी दोन वर्षं, नाही तर सरळ भंगार. फोरमननी त्या चौघींच्या पोटात डोकं घालून सव्वीस वर्षं काढली होती.

"अगं, ते... ती रिंग ना..." फोरमननी कसंबसं सगळं सांगून टाकलं.

बायकोच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. ती रागावली असती तर फोरमनना बरं वाटलं असतं.

"असं होय," ती म्हणाली. "मलाच मेलीला उगाच वाटलं. काढून देते ती पण."

"नको, नको. एकदा वापरली की विमानात चालत नाही. असू दे तुला."

"असू दे म्हणे," ती म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासू लागली. भांडी आधीच घासलेली होती.

हँगरमध्ये तपासनीस वाटच बघत होते. नियमाबाहेर श्वाससुद्धा न घेणारा माणूस. त्यांनी उरलेली रिंग उजेडात धरली.

"रबराचं वय झालंय, फोरमन. मग नियम असा, की जोडीतली एक आधी उष्णतेत, दाबाखाली दहा दिवस तपासायची. ती टिकली तरच दुसरी विमानात. कुठाय पहिली?"

"चाचणीत आहे," फोरमनांच्या तोंडून निघून गेलं.

"अरे वा! कुठल्या यंत्रावर?"

फोरमन हळूच म्हणाले, "आमच्या कुकरवर."

तपासनीसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग नियमांचं पुस्तक काढून तीन पानं दोनदा वाचली. यंत्र कुठलं असावं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"गाडी पाठवा," ते म्हणाले. "यंत्र घेऊन या. चालवणाऱ्या व्यक्तीसकट."

पाऊण तासानं बायको मांडीवर कुकर घेऊन जीपमधून उतरली. तिनं फोरमनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"रोज किती वेळ चालतो?" तपासनीसांनी वही उघडली.

"सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी पंचवीस. रविवारी दुप्पट, मुलगा-सून जेवायला असतात."

"गळती?"

"थेंबभर नाही. आधीची रिंग गळत होती, पाच महिने. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. पण कुकरला पंख नाहीत ना, मग कोण लक्ष देणार!"

भोवती जमलेले सगळे मेकॅनिक एकदम आपापल्या बुटांकडे बघू लागले.

"नवीन कुकर का घेत नाही?"

"का घ्यायचा? लग्नातला आहे. कंपनी बंद पडली म्हणून काय झालं, चांगला चालतोय की!"

तपासनीसांनी एकदा कुकरकडे पाहिलं, एकदा मागे उभ्या असलेल्या आजीकडे, आणि शेगडी मागवली. शिट्टीच्या जागी दाबमापक बसवला. काटा चढला, हवा होता तिथं येऊन थांबला आणि पंधरा मिनिटं हलला नाही.

"आता रिंगेची जाडी मोजू. कॅलिपर?"

"मी देतो!" फोरमन जवळजवळ ओरडलेच. पण तपासनीसांनी फोरमनांचं हत्यारांचं कपाट उघडलंही होतं.

आत खिळ्यांवर ओळीनं अकरा रबरी रिंगा टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला एक लाल चिठ्ठी. या हँगरचा दंडकच तसा होता. न बसणारा भाग लाल चिठ्ठी बांधल्याशिवाय बाजूला ठेवायचा नाही.

तपासनीसांनी पहिली वाचली. "वापर, घरचा कुकर. दोष, दोन मिलिमीटर मोठी. नापास." दुसरी वाचली. "घरचा कुकर. दीड मिलिमीटर लहान. नापास. फोरमन, हा काय प्रकार आहे?"

फोरमन कानांपर्यंत लाल झाले.

बायको पुढे आली. तिनं एकेक चिठ्ठी बोटांनी उलटून पाहिली. पहिली तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती, शेवटची तीन आठवड्यांपूर्वीची.

"अहो, अकरा?"

"एकही बसेना. बसली असती तर आणलीच असती ना घरी."

"मग सांगायचं तरी!"

"काय सांगू? एक्केचाळीस वर्षांचं विमान उडवतो आणि बायकोच्या कुकरला रिंग मिळत नाही म्हणून? लाज वाटली गं."

बायकोला हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन्ही लपवायला जागा नव्हती, म्हणून ती कपाटात तोंड घालून तशीच उभी राहिली.

कुकरच्या रिंगेची जाडी बरोबर निघाली आणि अकराला पाच मिनिटं असताना आजीला दुसरी रिंग बसली. समिती बाहेर खुर्च्यांवर येऊन बसली. हँगर रिकामा झाला. मागे उरले ते दोघं आणि कुकर.

फोरमननी खणातून एक हिरवी चिठ्ठी काढली आणि सावकाश लिहिलं. वापर, घरचा कुकर. दोष, नाही. पास. मग पेन बायकोपुढे धरलं.

"तपासणाऱ्याची सही. तुझी."

बाहेर आजी धावपट्टीवरून सुटली. पत्रे थरथरले, बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच फोरमन बघायला धावले नाहीत. बायको टेबलावर वाकून आपलं पूर्ण नाव लिहीत होती आणि टेबल हलू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.