चालत निघालेला बसवाला

"उद्यापासून रोज पहाटे खाडीपर्यंत चालत जाणार आणि चालतच परत येणार," फेलेतीने बायकोला ठणकावून सांगितलं. "कुणाला पत्ता लागणार नाही."

लुपे टारोचे कंद सोलत होती. "आपल्या गल्लीत?" एवढंच म्हणाली.

फेलेती मांगेरे या उपनगरातला बसचालक. टोंगा बेटांवरून इथे येऊन तीस वर्षं झालेली, अंगाने वडाच्या झाडासारखा. दवाखान्यातल्या नर्सने त्याला बजावलं होतं, साखर डोळ्यांपर्यंत पोचलीय; तीन महिन्यांत उतरली नाही तर बस चालवणं बंद. चर्चमध्ये हे कळलं तर काय लाज राहणार? म्हणून गुपचूप चालायचं.

पहिल्या दिवशी चाळीस पावलं झाली असतील नसतील, शेजारच्या मोसेसेची व्हॅन कचकन थांबली.

"दादा, चालत?"

"हो, असंच."

"असंच कुणी चालतं का? वहिनीने हाकललं?"

"नाही रे."

"मग बस आत."

टोंगाचा माणूस वडीलधाऱ्याला पायी जाऊ देत नाही, आणि समोर थांबलेली गाडी वडीलधारा नाकारत नाही. फेलेती बसला. मोसेसेने त्याला थेट आपल्या घरी नेलं आणि त्याच्या बायकोने नारळाच्या दुधातलं मटण पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मागची गल्ली धरली, तर तिथे चर्चच्या पाळकसाहेबांची गाडी. पाळकांना नाही म्हणायची छाती कुणाची? तिसऱ्या दिवशी टोपी नाकापर्यंत ओढून निघाला, तर त्याच्याच मार्गावरची बस थांबा नसताना थांबली आणि आतून सतरा तोंडं ओरडली, "फेलेतीदादा, चढा!" आठवडाभरात तो सगळं मिळून अर्धा किलोमीटर चालला आणि दोन किलोंनी वाढला.

रविवारी कहर झाला. पाळकसाहेब प्रवचन थांबवून म्हणाले, "आपल्या एका भावाची गाडी बंद पडलीय. तो पायी फिरतोय आणि आपण स्वस्थ बसलोय." बायका डोळे पुसू लागल्या. मोसेसे उठला आणि त्याने आपल्या व्हॅनची किल्ली फेलेतीच्या हातावर ठेवली. त्याच्या घरात सात लेकरं आणि तेवढी एकच गाडी.

फेलेतीने किल्ली पुढे केली. "घे ही परत," तो म्हणाला. "माझी गाडी ठणठणीत आहे. मीच बिघडलोय. साखर झालीय मला. बस सुटेल हातची."

चर्चमधले हातपंखे हलायचे थांबले. मग मोसेसे हळूच म्हणाला, "मलापण आहे, दादा. दोन वर्षं झाली." मागून एक हात वर आला. मग आणखी एक. मग बाकंच्या बाकं. शेवटी झग्याची बाही सावरत पाळकसाहेबांनीही हात वर केला.

सोमवारी पहाटे फेलेतीने दार उघडलं आणि तिथेच खिळला. फाटकाबाहेर साठ-सत्तर माणसं उभी होती. कुणीतरी स्तोत्र धरलं, चार सुरांत ते चढत गेलं, आणि गल्ली भरून माणसं चालू लागली. एकही गाडी आडवी आली नाही; गाडीत बसायला कुणी उरलंच नव्हतं. तीस वर्षं त्याने या माणसांना बसमधून नेलं होतं. ती सगळी मिळून एवढी असतात, हे बसच्या आरशात कधी दिसलं नव्हतं.

तीन महिन्यांनी नर्सने आकडा दोनदा वाचला. "उतरली. खुशाल चालवा बस. आणखी काही?"

फेलेतीने दाराकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली. "एक चिठ्ठी हवी होती. चालण्यातून एका शनिवारची सुट्टी. गेल्या शनिवारी पांघरुणात लपलो, तर खिडकीखाली उभं राहून पाचही कडवी म्हटली हो सगळ्यांनी."

"चिठ्ठी देईन," नर्स म्हणाली, "पण उपयोग व्हायचा नाही. तुम्ही पुढे चालता, म्हणून मागचं दिसत नाही तुम्हाला. पाचव्या कडव्यातला वरचा सूर माझा होता."