गजभिये भाऊजींनी काढलेली तारीख

आमच्या शेजारच्या गजभिये भाऊजींकडे जायचं असेल तर चपला हातात धरून बसा. दारात काढल्या की गेल्या. एकदा माझी चप्पल त्यांनी तांदळाच्या पिंपामागे लपवली होती. मी चिडले, तर म्हणतात, "बसा ना वहिनी, काय गाडी सुटून राह्यली का?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. उतरणाऱ्याला उतरवायचं आणि घंटी मारायची हेच काम केलं, आणि रिटायर झाल्यावर हा माणूस कुणाला उतरूच देईना. पोस्टमनला पोहे, सिलेंडरवाल्याला चहा. मीटर वाचायला आलेल्या पोराला तर त्यांनी अख्खा अल्बम दाखवला. तो बिचारा आता बाहेरूनच मीटर पाहून पळतो.

घरी दोघंच, ते आणि त्यांची लेक करुणा. करुणा शाळेत असतानाच तिची आई गेली. वेणी घालण्यापासून सगळं भाऊजींनी केलं. वेणी नेहमी वाकडी असायची, पण पोरगी तशीच ऐटीत शाळेत जायची. पुढे ती भंडाऱ्यातच एका दवाखान्यात नर्स झाली. तिचं लग्न जमलं दिघोरीच्या मास्तराशी. मुलगा सोन्यासारखा, घरची धानाची शेती. सगळं छान. आणि भाऊजींनी तारीख काढली ऑगस्टातली!

"भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना? भर पुराच्या दिवसात?"

"आपल्यात मुहूर्त थोडीच पाह्यतात वहिनी. सारेच दिवस चांगले."

"दिवस चांगले, पण रस्ते?"

त्यावर हे छताकडे पाहायला लागले. दिघोरीच्या वाटेवर एक ठेंगणा पूल आहे. पाऊस जरा जोरात झाला की तो पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद. ज्यांनी उभी नोकरी त्या रस्त्यांवर काढली, त्यांना मी काय सांगणार!

व्याह्यांचा फोन आला. "गजभियेजी, धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत जी. आमचं सारं गाव शेतात, बांधीच्या चिखलात राह्यते."

"मंग चिखलाच्या पायानं या. आम्ही धुऊन देऊ."

व्याही वैतागले, मी वैतागले. करुणा मात्र म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात तर होऊ द्या." आणि तिनं विषय बदलला.

मग महिनाभर तमाशा. रोज सकाळी भाऊजी छत्री घेऊन वैनगंगेचं पाणी पाहायला जायचे आणि माझ्या दारात येऊन ओरडायचे, "वहिनी, पानी चढून राह्यलं!" चेहरा असा की जणू नातू झाला. मी म्हटलं, "अहो, लोक पूर उतरायची वाट पाहतात, तुम्ही चढायची?" तर हसले, आणि पुन्हा आभाळाकडे बघायला लागले.

लग्नाच्या दिवशी सकाळी लख्ख ऊन. कसला पाऊस आणि कसलं काय! विहारात वंदना झाली, पांढऱ्या साडीतली करुणा इतकी गोड दिसत होती की माझी नजर हटेना. जेवणं उरकली. पाहुणे खूश. "आभाळ मोकळं आहे, लवकर निघून जाऊ," व्याही म्हणाले.

भाऊजी चहाची किटली घेऊन सगळ्यांच्या मागे लागले. "बसा ना, काय गाडी सुटून राह्यली का?" पण गाड्या सुरू झाल्या होत्या.

करुणाची बॅग आणायला मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत गेले. पाहते तर छतापर्यंत गाद्या! चादरी, उशा, कोपऱ्यात तांदळाची पोती. मागून भाऊजी आले.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पूल बुडाला असता तं वऱ्हाड थांबलं असतं. दोन-तीन दिवस. करुणाही थांबली असती." ते गादीवरून हात फिरवत राहिले. "तिची माय गेल्यापासून मी एकदाही एकटा जेवलो नाही वहिनी. उद्या कोनासंग जेवू?"

मेल्या माणसा, हे आधी सांगायचं ना! मी पदरानं डोळे पुसले आणि बॅग उचलली.

करुणा गेली. आणि गाड्या दिसेनाशा होऊन तास होतो न होतो तोच दक्षिणेकडून आभाळ भरून आलं. असा पाऊस कोसळला की समोरचं घर दिसेना. भाऊजी भिजत रस्त्यावर उभे.

"फोन लावा वहिनी. पूल ओलांडला का विचारा. माझ्यानं नाई बोलल्या जात."

मी लावला. करुणा म्हणाली, "ओलांडला मावशी, आत्ताच. पुलाले पानी लागूनच होतं, इकडं मघापासून पाऊस आहे. आमच्या मागं पूल बंद केला आता. बाबाले सांगा, काळजी नोको करू."

मी सांगितलं. "आता चार दिवस तरी तिकडून कोणी येत नाही भाऊजी."

"ओलांडला ना पन?"

"ओलांडला."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं. तिले म्हना, डोकं पुसून घे म्हना, लवकर सर्दी होते तिले."

आणि ओसरीवर बसून तो माणूस लहान पोरासारखा रडला. माझ्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता. मी आतून दोन कांदे शोधून आणले आणि त्यांच्याच चुलीवर त्यांचा-आमचा भात एकत्र टाकला.