दोनशे लिटर, राहू दे

पाणी कोणीही तापवू शकतो. तापलेले पाणी साठवण्यासाठी मात्र सुसंस्कृत कुटुंब लागते. नाशकात असे एक कुटुंब आमच्या शेजारी राहते, याचा आम्हाला अभिमान आहे.

कुटुंबप्रमुख देवराम, मनमाडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त. पत्नी कुसाबाई, गुडघे कामातून गेलेले. २००३ च्या थंडीत डॉक्टरांनी बाईंना रोज कढत पाण्याने अंघोळ करायला सांगितली. (नुसत्या गोळ्या दिल्या असत्या तर हा प्रसंग टळला असता.) देवरामांनी तत्काळ सोलर बसवायचे ठरवले आणि निवडप्रक्रिया हाती घेतली. ती अकरा महिने चालली. ज्याच्या गच्चीवर टाकी दिसेल त्याच्याकडे ते टॉवेल घेऊन जात व प्रत्यक्ष अंघोळ करून अभिप्राय नोंदवत. पाहणी केलेली घरे सतरा. पैकी साबण स्वतःचा नेला अशी घरे शून्य. या काळात कुसाबाई गॅसवर पातेले तापवून गुडघे शेकत होत्या.

अखेर मार्गशीर्षात दोनशे लिटरची टाकी गच्चीवर चढली. नारळ फुटला. फिटरने चाचणी म्हणून स्वतःच अंघोळ उरकली आणि जाताना सांगितले, "काका, पाणी दोन दिवस गरम राहतं."

या वाक्यानेच सगळे बिघडले. जे राहते ते संपवायचे कशाला, असा रास्त प्रश्न देवरामांना पडला.

"अगं, आज राहू दे," ते म्हणाले. "इगतपुरीचे व्याही यायचेत."

"राहू द्या की," कुसाबाई म्हणाल्या. "माझं भागतंय पातेल्यावर."

व्याही आले नाहीत. मग ढगाळ होते म्हणून राहू दिले. मग ऊन पडले, तेव्हा उद्या आणखी तापेल म्हणून राहू दिले. पहिल्या तिमाहीचा वापर असा: टाकीला हात लावून पाहणे, दोनशे चाळीस वेळा, शेजाऱ्यांना गच्चीवर नेऊन दाखवणे, छत्तीस वेळा, अंघोळ, एक (फिटर).

सून उज्वलाने एकदा गुपचूप बादली भरून सासूपुढे ठेवली. कुसाबाईंनी त्यात दोन बोटे बुडवली. "लय कढत हाय गं. तुझ्या वडलांना बरं पडंल," म्हणाल्या आणि बादलीवर झाकण ठेवले. संध्याकाळपर्यंत पाणी निवले.

होळीला व्याही आले. अंघोळ करून म्हणाले, पाणी फार कढत, निम्मे गार घालावे लागले. देवरामांचे डोळे पाणावले. कुसाबाई तेव्हा पातेले उतरवून त्याच शेगडीवर पाहुण्यांचा चहा टाकत होत्या.

पुढच्या तपासणीला गुडघे आणखी सुजलेले पाहून डॉक्टरांनी विचारले, "गरम पाणी घेता ना, आजी?"

"तर," कुसाबाई ताठ बसून म्हणाल्या. "दोनशे लिटर हाय घरात."

हसलात? मग उठा. तुमच्या शोकेसमधल्या त्या सोनेरी काठाच्या कपांतून आज घरच्या माणसांना चहा द्या.

काय म्हणालात? राहू दे?