राखीव खेळाडूंचे रशीदभाऊ

बास्केटबॉलचा सामना सुरू झाला की आमचे शेजारी रशीदभाऊ टीव्हीकडे पाठ करून शिलाई मशीन चालवत बसतात. मुख्य गार्ड दमून बाकावर गेला आणि त्याच्या जागी राखीव आला, की मशीन थांबतं आणि भाऊ वळतात. म्हणतात, "आता चालू झाला खेळ."

बल्लारपुरात त्यांचं शिवणकामाचं दुकान आमच्या भिंतीला लागून आहे. अमेरिकेतल्या कुठल्या संघानं राखीव गार्डशी किती वर्षांचा करार केला, हे त्यांना तोंडपाठ. "दोनच सालाचा देल्ला, बाई. कमी हाय. त्याच्या हातून बॉल जात नाई." गिऱ्हाइकाची पँट मात्र तीन आठवडे खुंटीला.

माझी मुलगी प्रणाली त्याच गार्डच्या जागेवर खेळते. चेंडू पुढे आणायचा, डाव मांडायचा. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका व्यावसायिक संघाकडून तिला करार आला, राखीव म्हणून. मी कचेरीत वीस वर्षं कागदच वाचते. लगेच सोळा प्रश्नांची यादी काढली: राहणं, जेवण, विमा, दुखापत, सुट्ट्या. प्रणाली म्हणाली, "छान आहे, आई," आणि करार घेऊन थेट रशीदभाऊंकडे गेली.

सरळ सांगते, मला हेवा वाटला. रोज मैदानावर ने-आण करणारी स्कूटर माझी. माझ्याशी ती तीन शब्द बोलणार, आणि तिकडून दोघांचं हसणं तासभर भिंतीतून ऐकू येणार.

करार तिकडेच ठेवून परत आली आणि म्हणाली, "चाचा म्हणते, सही नको करू."

मी तडक दुकानात गेले. "भाऊ, काऊन अडवून राह्यले तिले?"

"अडवत नाई. हे वाचा." त्यांचं बोट एका ओळीवर होतं. 'बाहेरगावच्या सामन्यांना राखीव खेळाडूंस गरजेनुसार नेण्यात येईल.' "हे 'गरजेनुसार' काढाले लावा. दर सामन्याले नेऊ, असं लिवून घ्या. मंग करू द्या सही."

ती ओळ मी चारदा वाचली होती. माझ्या सोळांत ती नव्हती. हेवा आणखी वाढला.

तरी मी संघाला पत्र पाठवलं. चार दिवसांत सुधारलेला करार आला. तो दाखवायला गेले तेव्हा विचारलंच, "तुम्हाला ते दिसलं कसं?"

ते शर्टाला काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "पोरगा होतो तवा, आमची मोहल्ल्याची बास्केटबॉलची टीम नागपूरले चालली होती, मी राखीव. जीपमंधी पयले पाच बसले, मंग सामान बसलं. जागा नोती. अम्मीनं पराठे बांधून देल्ले होते, घरी कसा जाऊ? दिवसभर स्टेशनवर बसलो, तेच खाल्ले. सांजच्याले घरी सांगलं, जितलो."

"आणि?"

"हरले होते. दुसऱ्या दिवशी पोरं आले, तवा समजलं अम्मीले."

करारावर साक्षीदारांच्या दोन जागा होत्या. एक माझी. दुसरीसाठी माझे थोरले दीर ठरले होते. मी पेन भाऊंपुढे धरला.

"माही सही चालन काय?"

"चालते."

त्यांनी आधी दोन्ही हात टॉवेलला पुसले, मग कागद जवळ ओढला.