झोप ओळखणारं यंत्र

प्रोजेक्टच्या परीक्षेच्या खोलीत भोंगा वाजला तेव्हा गाइड सर गाढ झोपेत होते. किंबहुना ते झोपले म्हणूनच भोंगा वाजला होता, पण हे सरांच्या ध्यानात यायला जरा वेळ गेला.

"काय झालं? आग लागली का?" सर खडबडून उठले.

आग कसली लागतेय! समोर त्यांची विद्यार्थिनी उभी होती. सोल्डरिंग करताना दोनदा स्वतःची ओढणी जाळून घेतल्यामुळे सगळं कॉलेज तिला ठिणगी म्हणायचं. कारखान्यात मशीनवर कामगाराला डुलकी लागली, तर त्याचा हात अडकायच्या आत भोंगा वाजवणारं यंत्र तिनं बनवलं होतं. पापण्या आणि मानेचा ढिलेपणा बघून त्याला झोप कळायची. शेजारच्या पडद्यावर आत्ता लाल चौकट उमटली होती आणि चौकटीत सरांचं टक्कल होतं.

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाइलमधून डोकं वर काढलं. "सर, डुलकी लागली होती का?"

"छे, छे! मी डोळे मिटून ऐकत होतो. तसं लक्ष जास्त लागतं माझं."

ठिणगीनं सरांकडे बघितलं, खाली मान घातली आणि म्हणाली, "यंत्राचंच चुकलं असेल, सर."

गुणाची पोर! सरांच्या जिवात जीव आला. पण तो फार वेळ टिकला नाही. परीक्षकांनी पेन उघडलं. "जाग्या माणसाला झोपलेला ठरवणारं यंत्र? मग हिला पास कसं करायचं, तुम्हीच सांगा."

ठिणगीच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी ती याच प्रोजेक्टमध्ये नापास झाली होती. नोकरी ठरलेली होती, फक्त डिग्री हातात पडायची बाकी होती. आणि वर्षभर ती यंत्र दाखवायला आली की सर मोबाइलमधून मान वर न करता "छान चाललंय, चालू दे" एवढंच म्हणाले होते. यंत्र नक्की करतं काय, हेसुद्धा त्यांना आजच कळत होतं, तेही झोप लागायच्या आधी जेवढं कळलं तेवढंच. हे सगळं आठवून सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा," ते कसेबसे म्हणाले. "मी झोपलो होतो."

परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "वा, सर! विद्यार्थिनीसाठी स्वतःची अब्रू पणाला लावता? असे गाइड आता राहिले नाहीत हो. पण मी असा फसायचा नाही."

"अहो, खरंच झोपलो होतो!"

"पुरे, पुरे. किती मोठं मन ते!"

आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून चूक कबूल करावी, तर ती कुणी पदरात घेईना! आता सर हट्टालाच पेटले. "मग परत चाचणी घ्या. मी झोपून दाखवतो."

सरांनी डोळे मिटले, मान टाकली, वर थोडं घोरूनही दाखवलं. यंत्र ढिम्म.

"बघा, आता वाजतच नाही," परीक्षक म्हणाले.

"ते सोंग घेतायत, सर," ठिणगी काकुळतीला आली. "यंत्राला सोंग कळतं."

"मग तू चाचण्या कशा घेतल्यास? माणसं झोपवलीस कशी?" परीक्षकांनी विचारलं.

ठिणगी लालेलाल झाली. "एक रेकॉर्डिंग आहे. होस्टेलवर मैत्रिणींना ऐकवायचे. हमखास झोपतात."

"मग लाव की!" गाइड सर म्हणाले.

"नको ना, सर."

"लाव म्हणतो ना!"

तिनं नाइलाजानं लावलं. खरखरत्या स्पीकरमधून थर्मोडायनॅमिक्सचं व्याख्यान सुरू झालं. पहिल्याच वाक्याला सरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मागे पडलेल्या मुलांच्या मदतीसाठी म्हणून त्यांनी मोठ्या हौसेनं रेकॉर्ड करून दिलेलं ते त्यांचंच व्याख्यान होतं. इतक्या वर्षांत सर ते पहिल्यांदाच ऐकत होते. तेच वाक्य पुन्हा पुन्हा, मध्ये लांबलचक "अंऽऽ", मग खोकला, मग परत तेच वाक्य. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. झोप कसली येतेय! मागच्या बाकांवर एकेक पोर खाली मान घालून हसू दाबत होतं.

तेवढ्यात भोंगा वाजला.

"मी जागा आहे!" सर ओरडले. ते खरोखरच टक्क जागे होते. लाल चौकटीत परीक्षक होते, हनुवटी छातीला टेकलेली आणि पेन गळून मांडीवर पडलेलं.

परीक्षक दचकून उठले. "मी आपलं डोळे मिटून ऐकत..."

"यंत्राचंच चुकलं अ..." ठिणगी सवयीनं सुरू झाली.

"अजिबात नाही," सरांनी तिचं बोलणं तोडलं. "तुम्ही झोपला होतात, साहेब. मघाशी मीही झोपलो होतो. यंत्राचं एकदाही चुकलेलं नाही."

परीक्षकांनी मुकाट्यानं मांडीवरचं पेन उचललं आणि पैकीच्या पैकी मार्क दिले. ठिणगीला रडू फुटलं. पोरांनी बाकं बडवली. सरांनाही वाटलं, चला, कधी नव्हे ते आज गाइड म्हणून उभं राहिलो.

सही करता करता परीक्षकांनी सहज विचारलं, "पण काय हो, इतकं भयंकर शिकवतं कोण?"

ठिणगी छताकडे बघू लागली. सगळी खोली सरांकडे बघू लागली. सरांनी नुसतेच खांदे उडवले. आता आणखी एक शब्द बोलले असते, तर आवाजावरून कळलं असतं.